अठरा टोपल्यांचे रान

ओहायो राज्याच्या पश्चिम भागातील जमीन इतकी सपाट आहे की, मिरज-जयसिंगपूरच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसालाही ती अंमळ जास्तच सपाट वाटावी. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मधूनच एखादे लाल रंगाचे लाकडी कोठार, धान्य साठविण्याचे उंच गोल टाके आणि पाण्याच्या टाकीवर ठळक अक्षरांत रंगविलेले गावाचे नाव. अशाच एका गावाच्या कडेला असलेल्या लहानशा कॉलेजात माझी कन्या गेली नऊ वर्षे पदार्थविज्ञान शिकविते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे तीन महिने राहून आलो. अमेरिकेची प्रवासवर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. नायगारा आम्हीही पाहिला. तो जसा सांगतात तसाच आहे. परंतु परत आल्यापासून वारंवार आठवते ती जागा कोणत्याही प्रवासी पुस्तकात सापडणार नाही. कॉलेजच्या मागील बाजूचे, अर्धे मोडलेले आणि गवतात बुडालेले ते एक क्रीडांगण आहे.

तेथे आम्ही जाऊ लागलो त्याला कारण झाला सूर्य. त्या भागात जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्याला हा प्रदेश उन्हाळ्यात फारच सोयीचा. सहाला जेवण उरकले तरी पुढे तीन तास लख्ख उजेड हाताशी उरतो. हिवाळ्यात मात्र पाचच्या सुमारास अंधारून येते, आणि दोन तासांच्या मधल्या सुटीत, प्रयोगशाळेत उभ्या उभ्या डबा संपवावा लागतो, असे कन्येने सांगितले. तिने नियम सोडलेला नाही, हे ऐकून समाधान वाटले. ते उभ्या उभ्या खाणे ऐकून मात्र सौ. दोन दिवस हळहळत होती.

तर अशा एका संध्याकाळी, जेवण झाल्यावर, अकरा वर्षांचा नातू खांद्याला पिशवी अडकवून समोर उभा राहिला आणि म्हणाला, “अज्जा, चला. आज तुम्हांला डिस्क गोल्फ शिकवतो.” पिशवीत सहा-सात रंगीत तबकड्या होत्या. मी चाळीस वर्षांपूर्वी कबड्डी सोडल्यानंतर कोणत्याही खेळाच्या वाटेला गेलेलो नाही. परंतु नातवाने आपण होऊन मराठीत बोलाविले होते, त्यामुळे नाही म्हणणे शक्यच नव्हते.

खेळ समजावयास सोपा आहे. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारीत मारीत खळग्यात घालावयाचा असतो. येथे चेंडूऐवजी वीत-सव्वा वीत व्यासाची प्लास्टिकची तबकडी हाताने फेकावयाची, आणि खळग्याऐवजी लोखंडी खांबावर बसविलेली जाळीची टोपली. टोपलीच्या वर एक कडे असते आणि त्यापासून खाली साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. त्या वेळी साखळ्यांचा जो खळखळाट होतो, त्यासाठीच हा खेळ खेळत असावेत असे मला वाटते. ज्या जागेवरून पहिली फेक करावयाची तिला ‘टी’ म्हणतात. तबकडी जेथे पडेल तेथून पुढची फेक. टोपलीपासून ज्याची तबकडी सर्वांत दूर, त्याची पाळी आधी. मागे राहिलेल्याला आधी संधी देणारा हा नियम मला आवडला. अठरा टोपल्या झाल्या की खेळ संपतो. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला.

फेकलेली तबकडी सरळ का जात नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर कन्येने एका बाकावर बसून, पुस्तकाची मदत न घेता, पंधरा मिनिटे दिले. गिरकी घेणारी वस्तू आपला अक्ष सहजासहजी सोडीत नाही. म्हणून तबकडी हवेत उलटीपालटी न होता तरंगते. परंतु वेग मंदावला की हवा तिची पुढची कड वर उचलू पाहते. आणि गिरकी चालू असल्यामुळे हा धक्का पुढच्या कडेला न लागता नव्वद अंश वळून बाजूला प्रकट होतो. त्यामुळे उजव्या हाताने, अंगासमोरून हात झटकून फेकलेली तबकडी अखेरीस डावीकडे कलते. भोवरा पडता पडता डोलतो, त्यातलाच हा प्रकार. मी तिला शाळेत असताना गणित शिकविले होते. तिला शिकविताना पाहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. नातू मध्येच “आई, पुरे” म्हणाला नसता, तर ती आणखी अर्धा तास बोलली असती आणि मी ऐकले असते.

या खेळाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट या गावी फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती. तिच्या गोड पदार्थाच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या येल विद्यापीठातील विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत. पुढे वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या गृहस्थांनी बनविलेली प्लास्टिकची तबकडी व्हॅम-ओ कंपनीने १९५७ साली बाजारात आणली आणि थोड्याच दिवसांत तिला बेकरीचे ते नाव चिकटले. याच कंपनीत काम करणाऱ्या एड हेड्रिक यांनी तबकडी स्थिर उडावी म्हणून तिच्यावर वर्तुळाकार रेघा काढल्या. डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान त्यांनीच १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क या उद्यानात आखले. पुढील वर्षी खेळाची संघटना निघाली. सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून रोज वाद होत, म्हणून हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली शोधून काढली. २००२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनविण्यात आल्या. पुद्गलाचा हा मोह पाहून हसावे की थक्क व्हावे हे मला ठरविता आले नाही.

आज असली मैदाने जगभरात हजारो आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतच आहेत. बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. गोल्फला गालिच्यासारखी हिरवळ लागते, पाणी लागते, खते व औषधे लागतात. याला झाडी चालते, उतार चालतो, पडीक जागाही चालते. त्यामुळे लहान कॉलेजांना आणि नगरपालिकांना तो परवडतो. एकदा खांब रोवले की काम झाले, असे त्यांना वाटत असावे. काम झालेले नसते, हे आमच्या मैदानाकडे पाहून कोणालाही कळले असते.

प्रवेशाशी नकाशाचा लाकडी फलक होता; त्याची काच गेलेली आणि नकाशा उन्हाने असा विटलेला की, त्यावर फक्त उत्तर दिशेचा बाण तेवढा वाचता येत होता. पहिल्या सहा टींवर काँक्रीटचे ओटे होते. त्यांना तडे गेले होते आणि तड्यांत मुंग्यांची वारुळे. सातव्या टीपासून पुढे ओट्याच्या जागी लाकडी चौकटी ठोकून त्यांत खडी भरलेली. काँक्रीट येणार होते, ते आलेच नाही. नवव्या टोपलीच्या साखळ्या गंजून एकमेकींत अडकल्या होत्या. तेराव्या टोपलीचा खांब कलला होता. सतराव्याकडे जाणारी वाट वादळात पडलेल्या अक्रोडाच्या झाडाने अडविली होती आणि दुसऱ्या कोणी ती मोकळीही केली नव्हती. मंडळी वळसा घालून जात, म्हणून शेजारी नवी वाट पडली होती. अठराव्या खांबावर तर टोपलीच नव्हती. नुसता खांब.

आणि गवत. काही ठिकाणी ते माझ्या कमरेला लागत होते. गवतात गोचिड्या असतात, त्यांपासून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून घरी आल्यावर प्रत्येकाचे पाय तपासण्याचा कार्यक्रम असे. पहिल्याच दिवशी नातवाच्या घोट्यावर एक सापडली. जावईबापूंनी चिमट्याने ती काढली, तोच सौ.ने ती कागदावर घेतली आणि अंगणाच्या कुंपणापलीकडे नेऊन सोडली. जावईबापू काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांसाठी उंच मोजे आणले. झाडीच्या कडेने पॉयझन आयव्ही नावाची वेल होती. तीन-तीन पानांचे तिचे झुबके दिसावयास सोज्वळ, पण स्पर्शाने अंगावर फोड येतात. तबकडी तिच्यात गेली की नातू काठीने ती बाहेर ओढी.

खरे सांगावयाचे तर, या साऱ्यात माझे मन लागत नव्हते. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील प्रमादचर्येत विनाकारण जमीन खणणे, पाणी उडविणे, वनस्पती तोडणे, तसेच विनाकारण हिंडणे आणि दुसऱ्याला हिंडविणे यांचा समावेश होतो. आमच्या संध्याकाळी यांतील निदान दोन-तीन गोष्टी नित्यनेमाने घडत होत्या. हिरव्या गवतातून चालताना ईर्यासमिती पाळणे म्हणजे चार हात पुढे पाहून पाऊल टाकणे. येथे पाऊलच दिसत नव्हते, तर पुढचे काय दिसणार? मी नातवाला म्हटले, “बाळ, आपण एखाद्या नीट राखलेल्या मैदानावर जाऊ या.” तो म्हणाला, तसे मैदान मोटारीने चाळीस मिनिटांवर आहे. मग पेट्रोल जाळून चाळीस मिनिटे जाणे हे कोणत्या प्रकारात बसते, या विचारात मी गप्प राहिलो.

सातव्या टीवर आम्हांला टिटवी भेटली. टिटवी म्हणजे आपली नव्हे, तिची अमेरिकन नातलग. तिकडे तिला तिच्या ओरडण्यावरून किलडीअर म्हणतात. छातीवर दोन काळे पट्टे, पाय बारीक, आवाज मात्र टिटवीसारखाच आकांताचा. आम्ही टीजवळ जाताच ती पुढे धावली, एक पंख जमिनीवर पसरून लंगडू लागली आणि केविलवाणे ओरडू लागली. नातू घाबरून म्हणाला, “अज्जा, तिचा पंख मोडलाय!” मी त्याला जागेवरच थांबविले. आमच्या मळ्यात टिटवी अंडी घाली. तेव्हा तिचे हे गोंधळ मी लहानपणी पाहिले आहेत. शत्रूला आपल्यामागे लावून घरट्यापासून दूर न्यावयाचे, हा तिचा बेत. पायाखाली पाहिले, तर लाकडी चौकटीतल्या त्या खडीत, टोके मध्याकडे करून ठेवलेली चार ठिपकेदार अंडी. खडीत इतकी मिसळून गेलेली की, आणखी एक पाऊल पडते तर संपलेच होते.

काँक्रीट आले असते तर ते घरटे तेथे झाले नसते. हे मी बोललो नाही, पण मनात आले खरे. त्या दिवसापासून सातवी टी बंद. नातवाने पिशवीची लाल दोरी सोडून चार काटक्यांना बांधली आणि चौकटीभोवती कुंपण केले. पुढील फेक आम्ही पंधरा पावले मागून करू लागलो. येणारे-जाणारे विद्यार्थीही दोरी पाहून वळसा घेऊ लागले. सुटीत राहिलेले असे सात-आठ विद्यार्थीच होते म्हणा.

मैदानाच्या अवस्थेबद्दल मी रोज काहीतरी बोलत असे. वयाचा तो गुण आहे. माझे महाविद्यालयीन शिक्षण साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून झाले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रमाची लाज मुलांच्या मनातून काढून टाकली, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आम्ही सकाळी रोज काही तास बागेत, शेतात, बांधकामावर काम करीत असू आणि मग तासांना बसत असू. म्हणून अकराव्या टोपलीपासून बाराव्या टीकडे जाताना, मोडक्या बाकाकडे बोट दाखवून, मी कन्येला म्हणालो, “आमच्या वसतिगृहातली वीस पोरं असती तर हे सगळं एका रविवारात झालं असतं. फी एवढी घेतात आणि साधं गवत कापता येत नाही? संस्थेला आपलेपणाच नाही, दुसरं काय!”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. नातू पुढे गेलेला होता. मग म्हणाली, “अण्णा, गवत कापायला पूर्वी सहा माणसं होती. आता दोन आहेत. ते दोघं समोरच्या इमारतींपुरतं कसंबसं उरकतात.” आणि पाठोपाठ त्याच आवाजात, “आमचा विभागही बंद होतोय. मीही पुढच्या मेपर्यंतच आहे.”

मी तिच्याकडे पाहिले. ती तबकडीवरची माती अंगठ्याने पुसत होती.

मग बाराव्या टीवर उभ्या उभ्या तिने सर्व सांगितले. २००८ सालच्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकेत जन्म कमी झाले; ती मुले आता अठरा वर्षांची होत आहेत, म्हणजे होत नाहीत, कारण ती जन्मलीच नाहीत. अशी लहान खासगी कॉलेजे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतात. वर्गात मुले कमी झाली की आधी दुरुस्त्या थांबतात, मग निवृत्त झालेल्यांच्या जागा भरीत नाहीत, मग विभाग बंद होतात. पदार्थविज्ञान घेणारे विद्यार्थी तिच्याकडे शेवटच्या वर्षाला चार होते. तिची नेमणूक कायमस्वरूपी होती. गावी मी कितीजणांना ते सांगितले होते! परंतु विभागच राहिला नाही, तर त्या कायमपणाला आधार उरत नाही. पत्र फेब्रुवारीत आले होते. आम्ही मे महिन्यात विमानात बसलो, त्याआधी तीन महिने.

“आईला सांगितलंस?”

“नाही. तुम्हांलाही सांगणार नव्हते. सुटी नीट होऊ द्यावी म्हटलं.”

मी इतके दिवस काय काय बोललो होतो, ते एकेक आठवू लागले. संस्थेला आपलेपणा नाही, माणसे आळशी आहेत, वीस पोरे, एक रविवार. प्रत्येक टोपलीपाशी मी तिच्या जखमेवर बोट ठेवीत होतो आणि ती साखळ्यांतून माझी तबकडी काढून मला परत देत होती. तेरावी ते अठरावी त्या दिवशी आम्ही कशी खेळलो, ते आठवत नाही.

पुढचे चार दिवस घरात मी सामायिकाला बसलो की बसूनच राही. सौ.ला संशय आला होता. चवथ्या दिवशी कन्येनेच तिला सांगितले. सौ. आधी रडली, मग म्हणाली, “चल, तुला आवडतात तसे मुगाचे लाडू करते,” आणि स्वयंपाकघरात गेली. बायकांना हे जमते. मला दुसरे काही सुचेना म्हणून मी मैदानाकडे वळलो.

श्रमदान करावे असे मनात होते, पण त्यातही प्रश्न होते. गवत आणि झुडपे कापणे मला नको होते. आणि ज्यांच्या ताब्यात जागा होती, त्यांनाही ते नको होते, अर्थात वेगळ्या कारणाने. त्या दोघा कर्मचाऱ्यांपैकी जो वयस्क होता, तो लहान गाडीवरून हिंडे. कन्येने माझी ओळख करून दिली. तो म्हणाला, विम्याच्या नियमामुळे बाहेरच्या माणसाला कोयता-करवत चालविता येणार नाही. कचरा उचला, पडलेल्या वाळक्या फांद्या बाजूला ओढा, त्याला कोणी हरकत घेणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी हे मैदान विद्यार्थ्यांनीच केले होते. पहिल्या सहा ओट्यांचे काँक्रीट मुलामुलींनी स्वतः कालविले; सातव्याला पैसे संपले. हे सांगताना त्याने टोपी काढून डोके खाजविले. वीस पोरे आणि एक रविवार येथेही होऊन गेले होते, फक्त ते मला दिसले नव्हते.

मग आम्ही रोज एक तास आधी जाऊ लागलो. शीतपेयांचे डबे, प्लास्टिकच्या बाटल्या, चिकटपट्ट्या, आणि गवतात हरवलेल्या दुसऱ्यांच्या अकरा तबकड्या सापडल्या. ज्यांवर नाव-दूरध्वनी लिहिलेला होता, त्यांना नातवाने संदेश पाठविले. उरलेल्या फलकाशेजारच्या खोक्यात ठेवल्या. नवव्या टोपलीच्या साखळ्या तेल लावून सोडविण्यात जावईबापूंची एक पूर्ण संध्याकाळ गेली. पडलेल्या अक्रोडाला आम्ही हात लावला नाही. त्याच्या सालीखाली इतके जीव नांदत होते की, वळसाच बरा. उतारावर एके ठिकाणी मिल्कवीडचा मोठा ताटवा होता. आपल्या रुईची ही बहीणच. पान मोडले की तसाच पांढरा चीक. रुईवर जसे आपल्याकडे फुलपाखरांचे सुरवंट वाढतात, तसे याच्यावर मोनार्क नावाच्या केशरी फुलपाखराचे वाढतात, आणि त्यांना दुसरे खाद्य चालत नाही. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन सुरवंट नातवाने मोजले. सहा माणसे गवत कापीत होती तेव्हा तेथे हा ताटवा असेल असे वाटत नाही. यातून काय निष्कर्ष काढावा, ते मला कळले नाही आणि कन्येला विचारण्याचा धीर झाला नाही.

खांबांवरील क्रमांक पुसून गेले होते. वृद्ध कर्मचाऱ्याने पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा आणि दोन कुंचले आणून दिले. नातवाला कल्पना सुचली की, इंग्रजी आकड्याखाली लहान मराठी आकडाही काढावा. विचारल्यावर तो गृहस्थ म्हणाला, “आकडे कोणतेही काढा, क्रमाने आले म्हणजे झाले.” त्यामुळे पश्चिम ओहायोतील एका झाडीत आज अठरा खांबांवर १ पासून १८ पर्यंत मराठी आकडे आहेत. ६ आणि ९ काढताना नातवाचा गोंधळ झाला होता. सहावा खांब दोनदा रंगवावा लागला.

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी सातव्या टीवरील खडी रिकामी दिसली. मनात चर्र झाले. तेवढ्यात गवताच्या कडेला तोच आकांत ऐकू आला आणि कापसाच्या बोंडाएवढी चार पिल्ले लांब पायांवर तुरुतुरु धावताना दिसली. ही पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर दिवसभरातच घरटे सोडून चालू लागतात. दोरी सोडावी काय, असे मी विचारले. नातू म्हणाला, “राहू द्या.”

आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून चातुर्मासात हिरव्या तृणावर पाय न ठेवण्याचा माझा गेल्या काही वर्षांचा नियम आहे. त्यामुळे त्रयोदशीची संध्याकाळ ही माझी शेवटची फेरी. पाचहीजण गेलो; सौ. प्रथमच आली आणि मोजे सावरीत अठराव्यापर्यंत चालली. कन्येने त्या आठवड्यात तीन ठिकाणी अर्ज धाडले होते. त्यांतील एक कोलंबस शहरातील एका शाळेचा होता. शाळेत शिकवावे की नाही, याविषयी तिने बाराव्या टीवर मला विचारले. मी म्हणालो, मला तबकडी का वळते हे पासष्टाव्या वर्षी समजले. तेरा वर्षांच्या मुलांना ते समजावून सांगणारे कोणी असेल तर बरेच आहे. ती हसली. तो होकार होता की नव्हता, ते सांगता येत नाही.

अठराव्या खांबाला टोपली नसल्यामुळे तेथे तबकडी खांबाला लागली पाहिजे, असा आमचा घरगुती नियम होता. नातवाची आणि कन्येची बरोबरी झाली होती. कन्येने सुमारे वीस पावलांवरून फेक केली. तबकडी डावीकडे कलत कलत खांबाजवळून गेली आणि पलीकडे पडली. नातू म्हणाला, लागली नाही. ती म्हणाली, लागली. जावईबापू दोघांच्याही बाजूने बोलले. अखेर सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी खांबाच्या सर्वांत जवळ उभा होतो, आणि सत्य अणुव्रत घेतलेला मीच होतो.

मला टण् असा बारीक आवाज आला होता. मी तसे सांगितले. नातवाने निमूटपणे आईच्या नावापुढे तीन लिहिले, आणि तबकडी आणावयास गवतात उतरला.